जर्मनीहून आलेला रेडिएटर

गाडी तापली की आमच्या कुमासी शहरात माणूस आधी देवाला हाक मारतो आणि मग फिटरला. देवाचं उत्तर यायला वेळ लागतो. फिटर मात्र पहिल्या घंटीला फोन उचलतो आणि म्हणतो, "घेऊन या, बघू." त्या 'बघू'मध्ये किती घरांची किती महिन्यांची कमाई गेली आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुमच्याकडे गाडी असेल तर तुम्हाला ठाऊकच आहे. नसेल तर सुखी आहात, तसेच राहा.

फेलिसिया अंतवीची गाडी त्या शुक्रवारी पहाटे केजेतिया बाजाराच्या गर्दीत तापली. महिन्याभरात ही तिसरी वेळ. गाडी जुनी, सतरा वर्षांची, मागच्या सीटा काढून टाकलेल्या. तिथे पावांचे क्रेट एकावर एक रचलेले. फेलिसियाची स्वतःची बेकरी आहे. बेकरी म्हणजे घरामागे मातीची भट्टी, वर पत्रा आणि पीठ मळायला रेबेका आणि अद्वोआ या दोघी बायका. पण पाव असा की दुपारपर्यंत उरत नाही.

बॉनेटखालून वाफ निघायला लागली तशी तिने गाडी कडेला घेतली. मागून एक प्रवासी व्हॅन आली. तिचा कंडक्टर दाराला लोंबकळत ओरडला, "मावशी, गाडीतच भाजताय का पाव? दोन गरम द्या की!"

व्हॅनमधले सगळे हसले. फेलिसियालाही एरवी हसू आलं असतं. पण ती इतकी थकली होती की तिने नुसता हात हलवला. तीन वाजता उठलेली बाई; त्यात पिशवीतलं पाणी विकणारीला हाक मार, दहा पिशव्या घे, झाकण थंड व्हायची वाट बघ, पाणी ओत. शेवटी तिने टॅक्सी थांबवली, क्रेट स्वतः उचलून आत भरले आणि दवाखान्याच्या कॅन्टीनला पोचली तेव्हा पावणेसात झाले होते. पाव सहाला पोचायला हवे होते.

कॅन्टीनचे व्यवस्थापक मिस्टर दोंकोर दारातच उभे होते. हे गृहस्थ कधी आवाज चढवत नाहीत. चढवला असता तर बरं, असं वाटायला लावणारा शांतपणा त्यांच्याकडे आहे.

"मॅडम, आजारी माणूस सहाला उठतो. त्याला पेज लागते आणि पेजेबरोबर पाव लागतो. तुमच्या गाडीचं दुखणं त्याला काय सांगू?"

"माफ करा, साहेब. आज गाडी दाखवतेच."

"मागच्या वेळीही दाखवली होती. सोमवारी सहाला पाव आले तर ठीक. नाही आले तर मला दुसरी बेकरी बघावी लागेल. वाईट वाटून घेऊ नका."

वाईट कसं वाटून घ्यायचं नाही? रोजचे एकशेवीस पाव इथे जात. म्हणजे तिच्या भट्टीचं अर्धं काम. ही ऑर्डर गेली तर रेबेका आणि अद्वोआ या दोघींपैकी एकीला घरी बसवावं लागलं असतं. आणि कुणाला बसवायचं, हे ठरवायचं तिच्या जिवावर आलं होतं. रेबेकाची तीन मुलं, अद्वोआची म्हातारी आई. कुणाकडे बघून सांगायचं, की उद्यापासून येऊ नकोस?

गाडी निवल्यावर ती तशीच हळूहळू सुआमेला घेऊन गेली. सुआमे म्हणजे आमच्या शहराचा गॅरेजांचा भाग. तिथे अशी गाडी नाही जी दुरुस्त होत नाही आणि असं गिऱ्हाईक नाही जे कुरकुरत परत येत नाही. आंब्याच्या झाडाखाली मास्टर ब्रेफोची जागा. अकरा वर्षं तोच तिचा फिटर. वरून एकाच चर्चचा. रविवारी तो लोकांना जागा दाखवायला दारात उभा असतो, पांढऱ्याशुभ्र शर्टात. आपल्याकडे अशी माणसं सोडून दुसऱ्या फिटरकडे जायचं म्हणजे नवरा सोडून जाण्याइतका बोभाटा होतो. जो आपला तो आपला. त्याने किंमत सांगायची, आपण मजुरीवर घासाघीस करायची, दुकान त्याने दाखवायचं, सामान त्याने निवडायचं आणि काढलेला जुना पार्ट त्याच्याकडेच ठेवायचा. जुना पार्ट परत मागितला, तर 'माझ्यावर विश्वास नाही का?' असा चेहरा होतो त्याचा. म्हणून कुणी मागत नाही. मीही कधी मागितला नाही, खोटं कशाला बोलू?

ब्रेफोने बॉनेट उघडलं, वाकून बघितलं, जीभ टाळ्याला लावून चुकचुकला. "सिस्टर, आता हेड गॅस्केटच गेलंय, इंजिनाच्या आतली सीलपट्टी."

फेलिसियाने कपाळाला हात लावला. "अरे, महिन्यापूर्वी रेडिएटर म्हणालास. बदलला. मग पाण्याचा पंप म्हणालास. तोही बदलला!"

"ते तर बदलायलाच हवे होते. आता रोग आत शिरलाय. सामानाचे दीड हजार धरा. आणि माझ्या हाताचे सहाशे."

"सहाशे!" इथे मात्र फेलिसियाच्या अंगात जीव आला. बाजारात वाढलेली बाई ती. "सहाशे सेडीत मी भट्टीचं छप्पर बदलीन. दोनशे."

"सिस्टर, इंजिन उघडायचं आहे. दोन दिवसांचं काम आहे."

"दोनशे. आणि रविवारी चर्चमध्ये तोंड दाखवायचंय ना तुला?"

ब्रेफो हसला. त्याने बॉनेट खाली आपटलं. मग म्हणाला, "चला, तुमच्यासाठी दोनशे."

एरवी फेलिसिया या जागेवरून खूश होऊन निघाली असती. दर वेळी तसंच होई. रेडिएटरच्या वेळी सामानाचे नऊशे तिने मुकाट दिले होते, पण मजुरीचे त्याने तीनशे मागितले होते, तिने शंभरावर आणले होते आणि घरी जाऊन रेबेकाला हसत हसत सांगितलं होतं. पण या वेळी दीड हजाराचा आकडा घशाखाली उतरेना. "सामानाचं उद्या बघू," एवढंच म्हणून ती उठली. गाडी तिथेच सोडून टॅक्सीने घरी आली आणि पलंगावर आडवी झाली. तिने साधे बूटसुद्धा काढले नाहीत.

शनिवारी सकाळी तिने अकरा वर्षांत न केलेली गोष्ट केली. ब्रेफोला न सांगता, एकटीच स्पेअर पार्टच्या दुकानांकडे गेली. गॅस्केटचा खरा भाव काय आहे ते तरी कळू दे, एवढंच तिच्या मनात होतं. पाय ओढत गेली, चोरी करायला निघाल्यासारखी. तीन दुकानं फिरली. एकाने तिची स्वच्छ चप्पल बघून चढा भाव सांगितला, दुसरा म्हणाला, "तुमच्या फिटरला पाठवा, तुमच्याशी काय बोलायचं?" चौथं दुकान तिवा मावशीचं होतं.

तिवा मावशी सत्तरीची. जाड भिंगाचा चष्मा, डोक्याला रुमाल, मांडीवर वही. चाळीस वर्षं गाड्यांचे पार्ट विकते आहे आणि पार्ट हातात घेऊन डोळे मिटूनही तो कुठल्या गाडीचा ते सांगते, असं लोक म्हणतात. तिच्यापुढे अर्धा पाव आणि पेजेची वाटी होती.

"ये पोरी, बस. काय हवंय?"

"गॅस्केटचा भाव विचारायला आले, मावशी. माझी गाडी तापते. रेडिएटर बदलला, पंप बदलला, तरी तापतेच."

"कधी तापते? चालताना की उभी असताना?"

फेलिसियाने विचार केला. हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "गर्दीत तापते. उभी राहिली की. मोकळ्या रस्त्याला नाही तापत."

तिवा मावशीने पाव पेजेत बुडवला आणि तशीच थांबली. काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात फेलिसियाचं लक्ष भिंतीकडे गेलं. तिथे जुने रेडिएटर ओळीने उभे केले होते. त्यांतल्या तिसऱ्याच्या कोपऱ्यात एक तपकिरी खपली चिकटली होती.

"हा कितीचा?" फेलिसियाने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

"तो? नऊशे. चांगला माल आहे. परदेशात वापरलेला, जर्मनीहून आलाय. गेल्याच महिन्यात."

फेलिसिया उठली, त्याच्यापाशी गेली आणि गुडघ्यावर बसली. दोन वर्षांपूर्वी माम्पोंगच्या रस्त्यावर तिच्या रेडिएटरला टाचणीएवढं भोक पडलं होतं. जवळ साबण नव्हता, काही नव्हतं. क्रेटमध्ये कणकेचा एक गोळा होता, दुकानदाराला नमुना दाखवायला नेलेला. तिने तो भोकावर दाबून बसवला. इंजिनाच्या धगीने तो तिथेच भाजला आणि दगडासारखा घट्ट झाला. पुढे ते भोक डागून घेतलं, पण खपली काही कुणी खरवडली नाही. ती याच कोपऱ्यात होती. आणि तिच्यावर एक खळगा होता. फेलिसियाने त्यात अंगठा ठेवला. अंगठा बरोबर बसला.

"मावशी," ती म्हणाली, "जर्मनीत माझ्या अंगठ्याचा ठसा कसा गेला हो?"

तिवा मावशीने चष्मा वर केला. खपलीकडे बघितलं, फेलिसियाच्या अंगठ्याकडे बघितलं. दुसरी कुणी असती तर आरडाओरडा केला असता, शेजारचे चार दुकानदार गोळा केले असते. तिने पेजेची वाटी बाजूला ठेवली आणि मोठा सुस्कारा टाकला.

"ब्रेफोकडून घेतला. पाचशेला. जर्मनी मी लावली. सगळेच लावतात."

"म्हणजे माझा रेडिएटर चांगला होता?"

"डागलेला होता, पण अजून पाच वर्षं चालला असता."

देवा! फेलिसिया तिथेच एका टायरवर बसली. तिला रडू आलं आणि रडायचीही लाज वाटली. अकरा वर्षं! मुलीच्या बाप्तिस्म्याला ज्याला पहिल्या रांगेत बसवलं, त्याने तिचाच चांगला रेडिएटर काढून विकला आणि त्याच्या जागी नऊशे सेडींचा दुसऱ्या कुणाचा तरी बसवला!

"आणि माझ्याकडून दुसऱ्या रेडिएटरचे नऊशे घेतले, त्यात त्याचा वाटा होता का?"

"असतोच. फिटर गिऱ्हाईक आणतो, दुकानदार भाव चढवतो, संध्याकाळी फिटर येऊन वरचे घेऊन जातो. दीडशे, दोनशे. मीही देते. नाही दिले तर कुणी गिऱ्हाईक आणत नाही. तू विचारलंस म्हणून सांगते. आजवर कुणी विचारलंच नाही."

"चोर आहात तुम्ही सगळे."

"आहोत," तिवा मावशी म्हणाली. "आता मी एक विचारू? रेडिएटर बसवायचे तू त्याला हाताचे किती दिलेस?"

"शंभर. तीनशे मागत होता. मी शंभरावर आणला." हे सांगताना आज पहिल्यांदाच तिचा आवाज उतरला.

"अर्धा दिवस जमिनीवर पाठ घासायचे शंभर. त्यात त्याचं जेवण आणि जायचं-यायचं भाडं गेलं की घरी काय जातं? सामानाचे नऊशे तू मुकाट दिलेस, कारण सामान डोळ्यांना दिसतं, हातात घेता येतं. हातांचे तीनशे मात्र तुला लूट वाटली. आपल्या सगळ्यांची हीच खोड आहे, पोरी. वस्तूचे पैसे देऊ, माणसाचे देणार नाही. मग माणूस वस्तूच्या आड लपतो. तुझ्या रेडिएटरच्या आड ब्रेफोची मजुरी लपली होती. आणि लपायला शिकलेला माणूस मजुरीपुरताच थांबत नाही, हेही तू बघितलंस."

"म्हणून चोरी करायची? माझंही पोट आहे! मीही घासाघीस सोसते रोज! मी केली का कधी कुणाची चोरी?"

तिवा मावशीने पुढ्यातला अर्धा पाव उचलला आणि हातात तोलला. कागदावर फेलिसियाच्या बेकरीचं नाव होतं.

"तुझाच ना? मी रोज घेते. चाळीस वर्षं मी वजनाचा माल हाताळते आहे, मला काटा लागत नाही. हा पाव गेल्या वर्षी आत्ताच्यापेक्षा जड होता."

फेलिसियाने त्या कागदावरून नजर काढून घेतली. गेल्या वर्षी पिठाचा भाव वाढला तेव्हा ती मिस्टर दोंकोरांकडे गेली होती. ते म्हणाले होते, "मॅडम, शेवटी पीठ आणि पाणीच की! भाव वाढवता येणार नाही." तीन वाजता उठणं, मळणं, भट्टीपुढे भाजून निघणं, याचा त्यांच्या हिशोबात पत्ताच नव्हता. घरी येऊन तिने रागारागाने काट्यावरचं वजन बदललं होतं. सहाशे ग्रॅमचा गोळा पाचशे चाळीसचा केला. तेव्हापासून कुणी काही बोललं नव्हतं, म्हणून तीही विसरली होती. खरं तर विसरली नव्हती. पहिले काही दिवस पाव देताना ती दोंकोरांच्या नजरेला नजर देत नसे. पुढे सवय झाली.

"मी तुला दोष द्यायला नाही बोलले," तिवा मावशी म्हणाली. "मी स्वतः जर्मनी लावते. पण थकले आता. दिवसभर एकमेकांच्या खिशात हात घालायचे आणि संध्याकाळी आपलाच खिसा चाचपायचा. हा घेऊन जा रेडिएटर. पैसे नकोत. आणि गॅस्केट घेऊ नकोस. उभी असताना तापणारी गाडी गॅस्केटची नसते. ते ब्रेफोलाच विचार, त्याला ठाऊक आहे."

दुपारी फेलिसिया टॅक्सीतून उतरली आणि आंब्याखाली जाऊन तिने तो रेडिएटर ब्रेफोच्या पायाशी ठेवला. तो एका व्हॅनखाली आडवा होता. बाहेर आला, हात पुसायला चिंधी उचलली आणि खपली बघून चिंधी तशीच हातात राहिली.

रस्ताभर तिने मनात शिव्या जमवल्या होत्या. आता एकही आठवेना. ती एवढंच म्हणाली, "का रे?"

ब्रेफो रेडिएटरपाशी उकिडवा बसला. पन्नाशीचा माणूस, चर्चमधल्या पांढऱ्या शर्टाशिवाय तो किती म्हातारा दिसतो, हे तिने आजच पाहिलं.

"सिस्टर, तुमच्या गाडीचा पंखा फिरत नाही. पंख्याची वायर जळली आहे. रेडिएटर चांगला होता, पंप चांगला होता, गॅस्केट चांगलं आहे. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. पंधरा मिनिटांचं काम."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही मला काय दिलं असतं?"

फेलिसिया फिरून आपल्या गाडीकडे बघू लागली.

"मी सांगतो," ब्रेफो म्हणाला. "तुम्ही म्हणाला असता, मास्टर, एका वायरचे कसले पैसे? देव तुझं भलं करो. आणि एक पाव दिला असता. पाव छान असतो, सिस्टर. पण ती वायर ओळखायला मला तीस वर्षं लागली आहेत. त्या तीस वर्षांचा मला आजवर कुणी एक सेडीसुद्धा दिला नाही. पार्ट बदलला की देतात. म्हणून मी पार्ट बदलतो. आधी गरजेपुरते बदलायचो. मग गरज नसतानाही." त्याने खपलीवरून बोट फिरवलं. "चूक माझी आहे. तुम्ही माझ्या मुलाच्या आजारपणात रोज पाव पाठवला होता. त्या घराचा रेडिएटर काढताना माझा हात थांबायला हवा होता. थांबला नाही."

आता तुम्ही म्हणाल, एवढं ऐकून तिने त्याला माफ केलं असेल. अहो, कुठलं! चोरी ती चोरीच. कुणी पोटासाठी केली म्हणून रेडिएटर आपोआप परत जागेवर जाऊन बसत नाही. फेलिसिया अशी काही कडाडली की शेजारच्या गॅरेजातले लोक हातातलं काम टाकून बघायला आले. सोमवारी तिची ऑर्डर जाणार होती! रेबेका किंवा अद्वोआ, दोघींतली एक घरी बसणार होती! एका वायरपायी! ब्रेफोने सगळं खाली मान घालून ऐकलं. शेवटी तीच दमली आणि उलट्या बादलीवर बसली.

"पैसे परत करतो, सिस्टर. हप्त्याने. आणि इथून पुढे तुमच्या गाडीचं काम फुकट."

"फुकट नको," फेलिसिया म्हणाली. "फुकट म्हणशील आणि पुन्हा कुठेतरी लपवशील. पैसे परत कर, ते माझे आहेत. पण हाताचे घे. आणि उघड घे. सांग, वायर लावायचे किती?"

ब्रेफो चाचरला. खरा आकडा तोंडातून काढायची त्यालाही सवय राहिली नव्हती. "वायरचे पंधरा. हाताचे… दीडशे."

पंधरा मिनिटांचे दीडशे! फेलिसियाच्या जिभेवर 'पन्नास' आलं. अगदी ओठांपर्यंत आलं. ती बाई आयुष्यात कधी पहिल्या आकड्याला हो म्हणाली नव्हती. तिने पदराने, म्हणजे खांद्यावरच्या कापडाने, तोंड पुसलं आणि म्हणाली, "ठीक आहे. आणि जळकी वायर माझ्या हातात दे. यापुढे जे काढशील ते मला दाखवायचं आणि मला द्यायचं."

ब्रेफोने पंधरा मिनिटं सांगितली होती, त्याला बारा लागली. पंखा फिरायला लागला. दोघेही त्याच्याकडे बघत उभे राहिले. कुणालाच आनंद झाला नव्हता, पण दोघांनाही जरा मोकळं वाटत होतं.

रविवारी संध्याकाळी पीठ मळायला बसल्यावर फेलिसियाने काटा पुन्हा सहाशेवर आणला. रेबेका म्हणाली, "मॅडम, काटा बिघडला का?"

"वर्षभर बिघडला होता. आता नीट झाला."

"पण मग पीठ पुरायचं नाही. एकशेवीस पाव होणार नाहीत."

"एकशे आठ होतील. तेवढेच न्यायचे."

रेबेका आणि अद्वोआ एकमेकींकडे बघत राहिल्या. ऑर्डर वाचवायला गाडी दुरुस्त केली, आणि आता बाई स्वतःच ऑर्डर बुडवायला निघाली! फेलिसियालाही भीती वाटत होती. रात्री तिचा डोळा लागला नाही. पहाटे एकदा तर तिने काट्याला हात लावला होता. मग मागे घेतला.

सोमवारी केजेतियाला नेहमीसारखीच गर्दी होती. गाडी वीस मिनिटं एका जागी उभी राहिली. तापमानाचा काटा चढला, पंखा घरघरला, काटा उतरला. सहाला दहा कमी असताना फेलिसिया कॅन्टीनच्या दारात होती. मिस्टर दोंकोरांनी घड्याळ बघितलं, मान डोलावली आणि क्रेट मोजायला घेतले.

"साहेब, मोजायच्या आधी ऐका. एकशे आठ आहेत." तिला धाप लागली होती. "गेलं वर्षभर मी तुम्हाला हलका पाव देत होते. साठ ग्रॅम कमी. पिठाचा भाव वाढला, तुम्ही पावाचे पैसे वाढवून दिले नाहीत, म्हणून मी वजनात काढले. आजपासून पाव पूर्ण वजनाचा. पण त्याच पैशात एकशे आठच येतील. एकशेवीस हवे असतील तर बाराचे पैसे जास्त द्यावे लागतील. नको असेल तर आजचे ठेवा आणि उद्यापासून दुसरी बेकरी बघा."

मिस्टर दोंकोरांनी एक पाव उचलला. हातावर तोलला.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"पाव हलका झालाय, हे. पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. स्वयंपाकघरात काटा आहे माझ्याकडे."

"मग बोलला का नाहीत, साहेब?"

ते पहिल्यांदाच जरा ओशाळले. "बोललो असतो तर भाव वाढवून द्यावा लागला असता. म्हणून गप्प बसलो. पेशंटला काय, तो तक्रार करत नाही."

दारात दोघं उभे होते. आत कुणीतरी खोकत होतं, पेजेचा वास येत होता.

"एकशे आठ ठेवा," शेवटी दोंकोर म्हणाले. "बाराच्या पैशांचं मी वर बोलतो. देतीलच असं नाही. महिनाभर बघू. पण सहाला?"

"सहाला," फेलिसिया म्हणाली.

तिने क्रेट उतरवले आणि गाडीत येऊन बसली. रेबेकाला फोन लावून एवढंच सांगितलं, "दोघी उद्या या." मग स्टिअरिंगवर डोकं टेकून थोडा वेळ रडली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

मंडळी, गोष्ट एवढीच आहे आणि ती माझ्या-तुमच्या शहरातली आहे. फसवणाऱ्या फिटरवर आपण सगळेच बोलतो, बोलायलाच हवं. जुना पार्ट परत मागा, आपण स्वतः दोन दुकानांत भाव विचारा, 'काय झालंय?' बरोबर 'कशावरून?' हेही विचारा, त्यात कुणाचा अपमान नाही. पण कष्टाला किंमत न देणं हीही फसवणूकच आहे. ती आपण रोज करतो आणि वर तिला हुशारी म्हणतो. आपण दडपलेली मजुरी कुठे जात नाही. ती कुणाच्या तरी रेडिएटरमध्ये, कुणाच्या तरी पावात, शेवटी त्या खाटेवरच्या आजारी माणसाच्या ताटात जाऊन बसते, ज्याने आपल्या कुणाचंच काही घेतलेलं नाही.

तेव्हा पुढच्या वेळी गाडी घेऊन जाल, तर सगळ्यात आधी विचारा, "मास्टर, तुमच्या हाताचे किती?" त्याने आकडा सांगितला की तो लगेच अर्ध्यावर आणू नका. जरा थांबा. तेवढ्या वेळात आठवून बघा, तुमच्या स्वतःच्या कामाची किंमत शेवटचं कुणी अर्ध्यावर आणली होती, आणि उरलेलं तुम्ही कुठून काढलंत.